एमआयडीसीतली पोलादी शेड: माती परीक्षणापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत

पुण्यात इमारत बांधताना वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. मुंबई आणि नागपूरला ४४. तासाच्या हिशेबात हे १४० आणि १५८ किलोमीटर झाले. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात शहरांची यादीच दिलेली आहे. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणलं की दाब मिळतो. पुण्यासाठी तो चौरस मीटरला सुमारे ९१२ न्यूटन, म्हणजे ९३ किलोच्या आसपास येतो.

आता आपल्याकडची नेहमीची शेड डोळ्यांसमोर आणा. छपराला जेमतेम उतार, समोर ट्रक जाईल एवढं शटर. वारा छपरावरून जाताना पत्र्याला वर ओढतो आणि शटरमधून आत शिरलेला वारा तोच पत्रा खालून ढकलतो. दोन्हींचा मिळून गुणांक १.४ धरला, तर वाऱ्याच्या बाजूच्या छपरावर चौरस मीटरला जवळपास १३० किलोचा जोर वरच्या दिशेनं लागतो. पत्रा आणि पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या) यांचं स्वतःचं वजन किती? नऊ-दहा किलो. कोडमध्ये याला घटवाढीचे आणखी गुणांक आहेत, ते इथे बाजूला ठेवले आहेत. पण चित्र यातून नीट कळतं. पोलादी शेडला वजन पेलण्यापेक्षा जमिनीला धरून राहणं जड जातं.

हे आधी सांगण्याचं कारण आहे. शेड बांधायची म्हटलं की बोलणं किलोच्या भावापासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. मी शेडची डिझाइनं करतो, दुसऱ्यांच्या शेड तपासतो, आणि पडलेल्या किंवा उडालेल्या शेडही पाहिल्या आहेत. त्यात मधोमध तुटलेला गर्डर फार क्वचित दिसतो. दिसतात ते उपटलेले स्क्रू, फाटलेली क्लीट, अर्धवट वेल्डिंग, बाहेर आलेले फाउंडेशन बोल्ट. पोलाद टिकतं, जोड सुटतो. म्हणून या लेखात आपण वाऱ्याच्या त्या झोताची वाट धरू: पत्रा, पर्लिन, रॅफ्टर (छपराची तिरपी तुळई), कॉलम, बेस प्लेट (कॉलमच्या तळाची प्लेट), बोल्ट, पाया, माती. बांधणीचा क्रम याच्या उलट, खालून वर.

उदाहरणाला एकच शेड घेऊ: २० मीटर रुंद, ४२ मीटर लांब, ६-६ मीटरचे सात गाळे (गाळा म्हणजे कॉलम-रॅफ्टरच्या दोन फ्रेममधली जागा), बाजूची उंची ७ मीटर, आत ५ टनांची ईओटी क्रेन, म्हणजे छपराखाली रुळांवर फिरणारी विजेची क्रेन. लहान इंजिनीअरिंग उद्योगाला साधारण अशीच शेड लागते.

पहिली पायरी: गरज कागदावर उतरवा

डिझायनरकडे जाण्याआधी एक पान लिहून काढा. क्रेन किती टनांची, आज लावणार की तीन वर्षांनी. हुकाखाली किती उंची हवी. ५ मीटर हवी असेल तर बाजूची उंची ७ च्या आसपास लागते. छपरावर सोलर बसवणार का. पॅनेल आणि त्याचं स्टँड मिळून चौरस मीटरला १५ ते २० किलो वाढतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पत्रा-पर्लिनच्या स्वतःच्या वजनाच्या ते दीड-दोन पट आहे. एसीचे डक्ट, स्प्रिंकलरचे पाइप, फॉल्स सीलिंग लटकणार का. पोटमाळा होणार का. पुढे कोणत्या बाजूला शेड वाढवायची आहे. वाढवायच्या टोकाची फ्रेम आत्ताच पूर्ण ताकदीची केली तर नंतर फक्त पत्रा काढावा लागतो.

सोलर आणि क्रेन हे दोन विषय ‘नंतर बघू’ म्हणून सोडले जातात आणि नंतर सगळ्यात महाग पडतात. क्रेन नसलेल्या शेडचे कॉलम ब्रॅकेट लावून क्रेनचे होत नाहीत. क्रेनचा आडवा हिसका आणि ब्रेकचा धक्का पायापर्यंत पोचतो. ५० टनांपर्यंतच्या इलेक्ट्रिक क्रेनच्या गॅन्ट्रीला (क्रेन जिच्यावर धावते ती तुळई) आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या मानकात लांबीच्या ७५० व्या भागाइतकंच वाकणं चालतं. ६ मीटरच्या गाळ्यात ते ८ मिलिमीटर झालं. एवढी कडक गॅन्ट्री मुळातच योजावी लागते.

दुसरी: माती आणि परवानग्या

माती परीक्षण शेजारच्या प्लॉटच्या रिपोर्टवर भागवू नका. दख्खनच्या पठारावर एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात दोन फुटांवर काळा पाषाण लागतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात जुनी भरणी. सोलापूर, मराठवाडा, विदर्भात काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्याखाली घट्ट मुरुमात किंवा खडकात न्यावा लागतो. निदान तीन ठिकाणी खड्डे किंवा बोअर घ्या. संपूर्ण कामाच्या खर्चात हा आकडा अगदी छोटा असतो.

एमआयडीसीच्या हद्दीत नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच असतं. नकाशे, अग्निशमन विभागाची ना-हरकत, जोत्याची तपासणी आणि शेवटी बांधकाम पूर्णत्वाचा दाखला हे सगळं तिथूनच होतं. कारखान्याच्या परवान्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे वेगळे नकाशे जातात आणि इमारतीच्या स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या इंजिनीअरला काम सुरू होण्याआधीच भेटा. शेड उभी राहिल्यावर सहीसाठी इंजिनीअर शोधणं म्हणजे आत काय आहे हे न पाहता त्याला जबाबदार धरणं आहे, आणि जो तशी सही देतो त्याच्या सहीवर तुमच्या कामगारांनी भरवसा ठेवावा असं मला वाटत नाही.

तिसरी: कोणती पद्धत

ढोबळ तीन पर्याय आहेत. पहिला, पोलादाच्या गिरणीतून तयार येणारे आय-बीम, चॅनेल, अँगल वापरून केलेलं नेहमीचं बांधकाम. दुसरा पीईबी (प्री-इंजिनीअर्ड बिल्डिंग): प्लेट कापून, वेल्ड करून जिथे जोर जास्त तिथे खोल आणि जिथे कमी तिथे निमुळते केलेले कॉलम-रॅफ्टर. तिसरा, चौकोनी किंवा गोल पाइपचे ट्रस.

२० मीटर रुंदीच्या शेडसाठी पीईबी बहुतेक वेळा हलकी आणि स्वस्त पडते, शिवाय कारखान्यात तयार होऊन येते म्हणून साइटवरचं वेल्डिंग कमी. १०-१२ मीटरच्या लहान शेडला पाइपचा ट्रस आणि हाताशी असलेला चांगला फॅब्रिकेटर पुरेसा होतो. पाइप वापरणार असाल तर प्रत्येक उघडं टोक टोपी वेल्ड करून बंद करा, नाहीतर आत पाणी साचून पाइप आतून गंजतो आणि बाहेरून रंग मात्र नवाकोरा दिसत राहतो. मोठ्या क्रेन, कंपन करणारी यंत्रं, पुढे वारंवार बदल होणार अशी जागा असेल तर नेहमीचे गरम-लाटलेले सेक्शन बरे. पीईबीच्या पातळ वेबला (आय आकारातली मधली उभी प्लेट) नंतर कुठेही ब्रॅकेट चिकटवता येत नाही.

चौथी: डिझाइन, आणि ते तपासून घेणं

पीईबी कंपन्या डिझाइन ‘फुकट’ देतात. ते घ्या, पण त्या कंपनीशी संबंध नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासून घ्या. त्यानं काय पाहायचं ते मालकालाही माहीत असावं: वाऱ्याचा वेग तुमच्या गावाचाच धरला आहे का, शटरमुळे आतला दाब धरला आहे का, छपराचा वापर-भार (माणसं, सामान यांचा येता-जाता भार) चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन आहे का (१० अंशांपर्यंतच्या उतारासाठी आयएस ८७५ चा दुसरा भाग हाच आकडा देतो). सोलर आणि क्रेन हिशेबात आहेत का. पायावर वरच्या दिशेनं येणारा जोर वेगळा दाखवला आहे का.

हा शेवटचा आकडा जरा करूनच पाहू. आपल्या शेडचा मधला एक कॉलम ६ मीटर रुंद आणि १० मीटर खोल छपराचा भार घेतो, म्हणजे ६० चौरस मीटर. १३० किलोनं गुणलं की ७.८ टन वर. फ्रेम, पत्रा, पर्लिन मिळून त्या कॉलमच्या वाट्याचं वजन चौरस मीटरला ३५ किलो धरलं तर २.१ टन खाली. उरले साडेपाच टनांहून जास्त. ते पायाच्या काँक्रीटनं, त्यावरच्या मातीनं आणि चार-सहा बोल्टनी धरून ठेवायचे, आणि त्यावर सुरक्षिततेची जागा वेगळी. ‘हलकी शेड आहे, पाया कशाला मोठा’ हे वाक्य साइटवर ऐकलं की मी वहीत हाच हिशेब मांडून दाखवतो.

भूकंपाचंही पाहायचं असतं. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ महाराष्ट्रातलेच. पण पत्र्याची एकमजली शेड इतकी हलकी असते की तिथे बहुधा वाराच भारी ठरतो. जड पोटमाळा, विटांच्या उंच भिंती किंवा मजले आले की भूकंपाचं गणित पुढे येतं.

पाचवी: माल घेणं

इथे सावकाश जा, कारण इथली चूक नंतर रंगाखाली झाकली जाते.

इमारतीच्या पोलादाचं मानक आयएस २०६२. त्यात ई २५० आणि ई ३५० या दोन प्रती जास्त चालतात. आकडा म्हणजे ते पोलाद किती ताणापर्यंत मूळ आकाराला परत येतं ते, मेगापास्कलमध्ये. पीईबीचं डिझाइन सहसा ३४५-३५० धरून केलेलं असतं. त्या जागी ई २५० ची प्लेट लागली तर ताकद तीस टक्क्यांच्या जवळपास कमी, आणि डोळ्यांना दोन्ही प्लेटी सारख्याच. हातात घेऊन, वाजवून, कापून काहीही कळत नाही. स्लॅबच्या सळईची प्रत, एफई ५०० डी वगैरे, हे वेगळं मानक आहे. ‘आम्ही पाचशेचं लोखंड वापरतो’ असं कोणी शेडच्या कॉलमबद्दल सांगितलं तर दोन गोष्टींची गल्लत झाली आहे असं समजा.

खात्री कशी करायची? मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक) प्लेटवर रंगवलेल्या किंवा ठोकलेल्या नंबरशी स्वतः उभं राहून जुळवा. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून माल येवो की थेट गिरणीतून, सर्टिफिकेट गाडीबरोबर आलं पाहिजे. आठवड्यानं व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो कुठल्याही मालाचा असू शकतो. शंका आली तर प्लेटचा तुकडा कापून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ताण-चाचणीला पाठवा. सर्टिफिकेटवर कार्बनही बघा. ई २५० ला तो ०.२३ टक्क्यांच्या आत हवा. जास्त कार्बनचं पोलाद वेल्डिंगच्या कडेला ठिसूळ होतं.

वजनाचं सूत्र पाठ करून ठेवा: प्लेटची मिलिमीटरमधली जाडी गुणिले ७.८५, म्हणजे चौरस मीटरचे किलो. १० मिमीची १.२५ बाय ६.३ मीटरची प्लेट ७.८७५ चौरस मीटर, म्हणून ६१८ किलो भरली पाहिजे. गाडीचा भरलेला आणि रिकामा असे दोन्ही काटे करा, पावत्या ठेवा आणि व्हर्नियरनं दहा-बारा ठिकाणी जाडी मोजा. काटा बरोबर आणि जाडी कमी असेल तर कुठेतरी लांबी-रुंदी वाढलेली आहे, तेही शोधा.

सहावी: पाया आणि बोल्ट

काँक्रीटबद्दल मालक जागरूक असतात, म्हणून त्यावर थोडक्यात: डिझाइनमधली प्रत, चाचणीचे क्यूब, पाणी मारणं. वेळ द्यायचा तो फाउंडेशन बोल्टना.

माझ्या एका कामावर चौदापैकी एका पेडेस्टलचं (पायावरचा, कॉलम ज्यावर बसतो तो काँक्रीटचा आखूड खांब) काँक्रीट रात्री उशिरा झालं. व्हायब्रेटरची सुई बोल्टला टेकली असावी. सकाळी दोरी लावली तर बोल्टचा गट ३५ मिमी सरकलेला आणि किंचित कललेला. फॅब्रिकेटरच्या मुकादमानं लगेच उपाय सांगितला: “साहेब, बेस प्लेटची भोकं गॅसनं वाढवून घेतो, दुपारपर्यंत कॉलम उभा.” गॅसनं वाढवलेल्या भोकात बोल्ट सैल बसतो, वॉशर भोकात दबतो, आणि कललेल्या बोल्टला ओढ सरळ लागत नाही. ज्या जागेला साडेपाच टन धरून ठेवायचे आहेत तिथेच आपण सैल जोड तयार केला असता. आम्ही पेडेस्टल फोडलं, सळया मोकळ्या केल्या, बोल्ट पुन्हा लावले. एक आठवडा गेला, मालक दोन दिवस बोलले नाहीत. तरी तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

हे टाळायचं तर बोल्टच्या प्रत्येक गटाला वर आणि खाली असे दोन पोलादी टेम्प्लेट लावा, वरचा टेम्प्लेट शटरिंगला नव्हे तर जमिनीत स्वतंत्र ठोकलेल्या चौकटीला बांधा. काँक्रीटच्या आधी आणि ते ओलं असतानाच, अशी दोनदा मापं घ्या. कर्ण मोजा: आपल्या शेडच्या चार टोकांच्या कॉलममधले दोन्ही कर्ण ४६.५२ मीटर आले पाहिजेत, एका गाळ्याचे २०.८८. गुण्यावर विसंबू नका, एवढ्या लांबीत गुण्याची चूक कित्येक सेंटिमीटरची होते. आट्यांना ग्रीस लावून वर पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवा. बेस प्लेट थेट काँक्रीटवर न टेकवता खाली लेव्हलिंग नट ठेवा आणि कॉलम ओळंब्यात आल्यावर खालच्या २५ ते ५० मिमीच्या फटीत न आकसणारं ग्राउट भरा. वाळू-सिमेंट कोंबून ही फट भरलेली मी पाहिली आहे. वर्षभरात ते मोकळं होऊन हातानं निघतं.

सातवी: फॅब्रिकेशन

माल तयार होत असताना कारखान्यात निदान तीनदा जा: कटिंग-फिटिंगला, वेल्डिंगला आणि रंगाच्या आधी. रंग झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

फिलेट वेल्डची (दोन प्लेटींच्या कोपऱ्यात भरलेलं तिकोनी वेल्ड) ताकद त्याच्या घशात, म्हणजे सगळ्यात कमी जाडीत असते, आणि घसा म्हणजे वेल्डच्या बाजूच्या मापाच्या ०.७. ड्रॉइंगवर ६ मिमी आणि प्रत्यक्षात ४ असेल तर ताकदीचा तिसरा हिस्सा गेला. वेल्ड गेज खिशात मावतं, किंमतही फार नाही. ते घेऊन जा आणि स्वतः लावून पाहा. प्लेट १० ते २० मिमी जाड असेल तर आयएस ८०० प्रमाणे ५ मिमीपेक्षा लहान फिलेट चालतच नाही, कारण जाड प्लेट उष्णता झपाट्यानं ओढून घेते आणि बारीक वेल्ड तडकतं. ई ७०१८ चे रॉड ओव्हनमध्ये तापवून मगच वापरायचे असतात. पावसाळ्यात उघड्या पाकिटातून काढलेला रॉड हवेतली ओल ओढून घेतो, त्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि जोडाला काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, भेग पडते. रॉडचा ओव्हन चालू आहे का, हे मी कारखान्यात शिरल्यावर सगळ्यात आधी बघतो.

रॅफ्टर-कॉलमच्या जोडावरच्या एंड प्लेटचं वेल्डिंग सगळ्यात महत्त्वाचं. तिथे अल्ट्रासॉनिक चाचणी करा, बाकी ठिकाणी डाय-पेनिट्रंट (भेगेत रंग शिरवून ती दाखवणारी चाचणी) पुरते. आणि एक फ्रेम कारखान्याच्या अंगणात आडवी जोडून पाहा. भोकं जुळत नसतील तर ते जमिनीवर कळलेलं बरं.

आठवी: रंग

नव्या प्लेटवर निळसर-काळा पापुद्रा असतो. तो चांगला दिसतो म्हणून त्यावरच रंग मारतात आणि दोन पावसाळ्यांत तो पापुद्र्यासकट सुटतो. ब्लास्टिंग करून तो काढायचा, एसए २.५ ही पातळी मागायची आणि त्याच दिवशी, तीन-चार तासांत, प्राइमर मारायचा. प्रत्येक हाताचा रंग वेगळा ठेवला तर सुटलेली जागा लांबूनही दिसते. जाडी मायक्रॉनच्या गेजनं मोजा. चाकण किंवा बुटीबोरीत जे चालतं ते तारापूर, महाड, लोटे, रोह्याला चालणार नाही. खारी-दमट हवा आणि रसायनांची वाफ एकत्र आली की इपॉक्सी झिंक प्राइमरपासून पूर्ण साखळी लागते. रंगाच्या खर्चात सगळ्यात आधी कात्री लागते, म्हणून करारात रंगाचं नाव, हात आणि मायक्रॉन तिन्ही लिहा.

नववी: उभारणी

दिवाळीनंतर पाया, जानेवारी-फेब्रुवारीत फॅब्रिकेशन, मार्चमध्ये उभारणी आणि एप्रिलमध्ये पत्रा, असं उलटं गणित मांडून सुरुवात करा. जून सगळ्यांच्या लक्षात असतो, धोका मात्र त्याआधीच्या वळवाचा असतो. एप्रिल-मेच्या संध्याकाळी दहा मिनिटांचं वादळ येतं. तेव्हा फ्रेम नुसत्या उभ्या असतील किंवा एका बाजूचा पत्रा लागून दुसरी बाजू उघडी असेल, तर शेड शिडासारखी वारा धरते. तयार शेडपेक्षा अर्धवट शेड कितीतरी जास्त धोक्यात असते.

म्हणून उभारणी ब्रेसिंगच्या गाळ्यापासूनच सुरू करायची. दोन फ्रेम उभ्या करा, मधल्या पर्लिन लावा, छपराचे आणि बाजूचे तिरपे ब्रेसिंग रॉड ओढा, ओळंबा बघा, बोल्ट घट्ट करा. मगच तिसरी फ्रेम. कॉलमचा ओळंबा उंचीच्या हजाराव्या भागाबाहेर नको, ७ मीटरला ७ मिमी. हायड्रा (उभारणीची फिरती क्रेन) मोकळी व्हावी म्हणून सातही गाळ्यांच्या फ्रेम दोन-दोन बोल्टवर उभ्या करून ठेवायची घाई कोणालाही करू देऊ नका. उभारणीत शेड कोसळते ती बहुतेक अशीच.

मुख्य जोडांना ८.८ प्रतीचे बोल्ट असतात. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे तुटण्याचा ताण, ८०० मेगापास्कल. दिसायला तसेच असलेले ४.६ चे बोल्ट त्याच्या निम्म्या ताकदीचे. बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो. पेटी उघडल्यावर मूठभर उचलून वाचा. घट्ट केल्यावर नटाबाहेर निदान एक आटा दिसला पाहिजे. घट्ट झालेल्या प्रत्येक बोल्टवर नट आणि प्लेट मिळून पांढऱ्या मार्करनं आडवी रेघ ओढायला लावा: कुठला राहिला ते खालून दिसतं, आणि पुढे कधी नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

रॅफ्टरच्या खालच्या फ्लँजपासून (आय आकारातली आडवी प्लेट) पर्लिनपर्यंत जाणारा छोटा तिरपा अँगल असतो, त्याला फ्लँज ब्रेस म्हणतात. फिटरला तो बिनकामाचा वाटतो, शेवटी लावायचा म्हणून बाजूला ठेवतात आणि पोत्यातच राहतो. पण वारा छपराला वर ओढतो तेव्हा रॅफ्टरच्या मोठ्या लांबीत खालचा फ्लँज दाबाखाली येतो आणि बाजूला लचकू पाहतो. त्याला धरणारा तेवढाच एक अँगल असतो. ड्रॉइंगवरचे फ्लँज ब्रेस मोजा, मग वर बघून मोजा.

उंचीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण हार्नेस, आणि तो अडकवायला ताणलेली लाइफलाइन. नुसता पट्टा कमरेला बांधून दुसरं टोक खांद्यावर टाकलेला माणूस दिसला तर त्याला खाली बोलवा. पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्र्यावर कोणीही पाय ठेवायचा नाही. जुन्या छपरांवर दुरुस्तीला चढलेले लोक याच पत्र्यातून खाली पडतात.

दहावी: पत्रा

झोत पहिल्यांदा भिडतो तो इथे. पत्र्याची जाडी विचारताना रंगासकट की रंगाशिवाय ते विचारा, ०.५ मिमी रंगासकटचं असेल तर आतलं पोलाद त्याहून पातळ. छपराच्या कडांना, कोपऱ्यांना आणि मोभाजवळ ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ हवेत. सगळीकडे सारखं अंतर ठेवलेलं ड्रॉइंग असेल तर इंजिनीअरला विचारा. स्क्रू इतकाच आवळायचा की रबरी वॉशर जरा बाहेर फुगेल. चेपून फुटला की तिथून गळती ठरलेली. ड्रिलिंगचा बारीक किस त्याच संध्याकाळी छपरावरून झाडून काढा. रात्रीच्या दवानं तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके कायमचे बसतात. जस्ताचं लेपन असलेल्या पर्लिनला साइटवर वेल्डिंग करू देऊ नका, जस्त जळतं. पर्लिन बोल्टनंच लावायची.

पन्हळ मोठी घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्या आकड्यासाठी कोणी पन्हळ बनवत नाही, पण दोन शेडच्या मधली दरी-पन्हळ तुंबली की पाणी बाहेर न सांडता आत येतं, म्हणून तिला जास्तीचे डाउनपाइप आणि ओव्हरफ्लोची वाट ठेवा.

दुकानं, ऑफिस आणि मजले असतील तर

व्यापारी इमारतीत तेच पोलाद, काळजी वेगळी. ऑफिसला चौरस मीटरला २.५ ते ४ किलोन्यूटन आणि दुकानांना ४ वापर-भार धरतात. बीमवर डेक पत्रा, त्यावर शिअर स्टड (बीम आणि काँक्रीट एकत्र बांधणाऱ्या खुंट्या) आणि काँक्रीट अशी स्लॅब केली तर खालचे टेकू वाचतात आणि मजले भरभर चढतात. खांबांमधलं अंतर जास्त असेल तर चालताना जमीन थरथरते, ते आधी तपासा. मुख्य प्रश्न आगीचा. ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते, आणि आगीत एवढं तापमान लवकर गाठलं जातं. फुगणारा अग्निरोधक रंग, बोर्ड किंवा काँक्रीटचं आवरण यांचा खर्च सुरुवातीलाच अंदाजात धरा.

पैसे आणि करार

किलोच्या भावानं काम दिलं तर माल जड होतो, ठोक रकमेत दिलं तर हलका. मी सुचवतो ती रीत अशी: स्वतंत्र इंजिनीअरनं मंजूर केलेल्या ड्रॉइंगवर ठोक रक्कम, सोबत प्रत्येक भागाचं वजन लिहिलेली यादी, आणि ड्रॉइंग बदललं तर वाढ-घट त्याच यादीतल्या दरानं. आपल्या ८४० चौरस मीटरच्या शेडला चौरस मीटरमागे ३५ किलो धरले तर सुमारे साडेएकोणतीस टन होतात. कोणाचा आकडा वीसवर आला तर कुठला भार सोडला आहे ते विचारा, भाव नंतर. वाहतूक, क्रेनचं भाडं, बोल्ट, ग्राउट, रंगाचा टचअप कोणाकडे, हे लिहून घ्या. जीएसटी १८ टक्के. कारखान्याच्या इमारतीवरचा हा कर सहसा क्रेडिट म्हणून परत मिळत नाही, यंत्रांचा मिळतो. गॅन्ट्री आणि यंत्रांचे पाये यांची बिलं वेगळी करावीत का, हे सीएंना काम सुरू होण्याआधी विचारा.

शेड ताब्यात आल्यावर

अखेरची ड्रॉइंग, मिल सर्टिफिकेट, काटा पावत्या, वेल्डिंगचे अहवाल, बोल्टच्या आणि पायाच्या फोटोंची एक फाइल करा आणि तिची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवा. पहिल्या पावसात आत फिरून गळणाऱ्या जागा छपराच्या नकाशावर खुणा करून ठेवा. वर्षानं मार्करच्या रेघा तपासा, त्यातही पहिल्यांदा क्रेनच्या गॅन्ट्रीवरच्या. दर मे महिन्यात पन्हळ साफ.

आणि ब्रेसिंगला हात लावू नका. एका कारखान्यात मी सोलरसाठी छप्पर तपासायला गेलो होतो. बाजूच्या भिंतीतल्या एका गाळ्यात तिरपे रॉड नव्हते. दोन वर्षांपूर्वी नवं प्रेस मशीन आत घ्यायला ते कापले होते, मशीन बसलं, रॉड तसेच भंगारात गेले. त्या भिंतीत शेडच्या लांबीच्या दिशेनं येणाऱ्या वाऱ्याला धरणारा तेवढा एकच गाळा होता. शेड उभी होती, कारण त्या दोन वर्षांत मोठं वादळ आलं नव्हतं. तिथे दरवाजा हवाच होता, म्हणून आम्ही त्या गाळ्यात रॉडऐवजी दोन कॉलम आणि बीमची पोर्टल चौकट बसवली, पाये वाढवले, आणि ते काम होईपर्यंत शेजारच्या गाळ्यात तात्पुरते रॉड ओढले. सोलरचं काम त्यानंतर सुरू झालं.